पोरगं नशेत अडकलंय, घरातल्या बाईला झोप नाही: सोलापुरात न्यायचं कुठं?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चिंचोळी एमआयडीसीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवण्याचा कारखाना पोलिसांनी पकडला आणि सोलापूरचं नाव राज्यभर गाजलं. किती किलो माल, किती कोटींचा, कुणाचे धागेदोरे कुठपर्यंत, सगळं छापून आलं. त्याआधी २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी मुळेगाव तांड्यावरची हातभट्टी मोडण्यासाठी ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवलं, त्याचंही कौतुक झालं. कौतुक रास्तच होतं. पण भट्टी बंद झाली म्हणून पिणाऱ्याचे हात कापायचे थांबत नाहीत आणि कारखान्याला सील ठोकलं म्हणून घरातलं पोरगं रात्री झोपायला लागत नाही. अशा घरातल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या दारात उभं राहायचं, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही.

दारं आहेत, आणि ती बऱ्यापैकी स्वस्त किंवा फुकट आहेत. ती कुणाची, कशी आणि कुठे कमी पडतात, ते इथे सांगतो.

एक आजार, पाच खाती

‘सरकारी दवाखाना’ म्हटलं की आपण सिव्हिल म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात मनाच्या आजाराची आणि व्यसनाची सरकारी सोय पाच वेगवेगळ्या मालकांकडे वाटलेली आहे.

शहरात महापालिका. तिची नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं असतात, नियमाप्रमाणे साधारण ५० हजार वस्तीमागे एक. खेड्यात तेच काम जिल्हा परिषदेची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं करतात. तालुक्याची ग्रामीण रुग्णालयं आणि पंढरपूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, त्यांच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, त्यामुळे ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. आणि स्वयंसेवी संस्था चालवतात ती अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय विभागाच्या पैशावर.

सहावं एक खातं आहे, राज्य उत्पादन शुल्क. ते दारूचा महसूल गोळा करतं. त्याची खिडकी कधी बंद दिसत नाही.

ही वाटणी नुसती कागदावरची नाही, ती रुग्णाच्या खिशाला लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत झालं. सिव्हिल दुसऱ्या खात्याचं, म्हणून तो निर्णय तिथे आपोआप लागू झाला नाही. तेही सरकारी आणि हेही सरकारी, मग तिथे पैसे का लागतात असं विचारत खिडकीवर भांडणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगत नाही. तो भांडतो, आणि माझ्या मते बरोबर भांडतो.

या सगळ्यांना जोडणारा सांधा म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने शेजारच्या कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात एक प्रयोग केला: मनाच्या साध्या आजारांवर गावच्याच सरकारी डॉक्टरला शिकवून उपचार करता येतात का? करता येतात, असं दिसलं. त्यावर बेतून १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला आणि आज तो देशातल्या ७०० हून जास्त जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. त्याच्या आराखड्यात एक मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रातला समाजसेवक आणि परिचारिका असं पथक असतं. पथकाने जिल्ह्याच्या ठिकाणी बसायचं, ठरलेल्या दिवशी तालुक्याला जाऊन ओपीडी घ्यायची आणि प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना, परिचारिकांना शिकवायचं. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके. करमाळा एका टोकाला, अक्कलकोट दुसऱ्या टोकाला. एका पथकाच्या गाडीला किती पळावं लागेल, याचा अंदाज नकाशा न बघताही येतो.

पाव टक्क्याचा प्रश्न आहे की प्रत्येक गल्लीतला?

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. तंबाखू सोडून इतर व्यसनंही यात धरलेली. हा आकडा देशाचा आहे, सोलापूरचा वेगळा नाही. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती. देशासारखंच प्रमाण धरलं तर जिल्ह्यात तीनेक लाख प्रौढ होतात. एवढे लोक एका सिव्हिलच्या एका ओपीडीत मावणं शक्यच नाही.

आणि ते तिथे येतही नाहीत. त्याच सर्वेक्षणात दारूच्या विकारातल्या १०० पैकी ८६ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीत तर दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच काहीतरी मदत मिळाल्याचं दिसलं.

जवळच्या दवाखान्यात नेमकं काय होतं?

समजा, विडी घरकुलातली एक बाई आहे. दिवसाला जमतील तितक्या विड्या वळते आणि हजारामागे मजुरी घेते. नवरा यंत्रमागावर, रात्रपाळी, आणि पाळी सुटली की थेट गुत्त्यावर. तिला महिनोन्महिने झोप नाही, छातीत धडधडतं, डोकं जड, हातापायांना मुंग्या. ‘माझं मन आजारी आहे’ असं ती कधीच म्हणणार नाही. ती म्हणते, ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.’ गल्लीतला डॉक्टर लावतो. वर लाल-पिवळं टॉनिक.

इथे आशाताईचा कागद उपयोगी पडतो. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी आशांना जो तपासणी फॉर्म भरून घ्यायचा असतो, त्यात बीपी-शुगरच्या धोक्यांसोबत मनाबद्दल दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? उदास, निराश, हताश वाटलं का? उत्तरांना गुण आहेत. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली तर आशाने त्या बाईला केंद्रात पाठवायचं. प्रश्न चांगले आहेत. पण दारात उभं राहून, सासू पलीकडे विड्या बांधत असताना, पाच मिनिटांत फॉर्मची दोन पानं उरकायची असतील, तर ‘नाही, नाही’ अशीच उत्तरं येणार. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू. कामाचं मराठी सगळ्यांना येतं. दुःख सांगण्यापुरतं येईलच असं नाही.

ती केंद्रात पोचली, तर तिथला एमबीबीएस डॉक्टर साधं नैराश्य, चिंता, झोपेचा विकार ओळखून औषध सुरू करू शकतो. त्याला प्रशिक्षण मिळालेलं असेल आणि कपाटात गोळ्या असतील, तर. फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधं महाग नसतात, अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ‘मनाचा रुग्ण म्हणजे सिव्हिल’ ही सवय मात्र आपल्याइतकीच डॉक्टरांनाही लागली आहे. म्हणून तिच्या हातात चिठ्ठी पडते. चिठ्ठी घेऊन सिव्हिलला जायचं म्हणजे रिक्षाभाडं, रांग, औषधाची दुसरी रांग आणि त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या.

दारू ‘सोडवतात’ म्हणजे डॉक्टर करतात तरी काय?

दारू सोडणं ही इच्छाशक्तीची परीक्षा, असा आपला ठाम समज. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत पहिले चार-पाच दिवस तरी तो नुसता चुकीचा नाही, तर जीवघेणाही ठरू शकतो.

वर्षानुवर्षं रोज दारू पोटात गेली की मेंदू तिला धरूनच आपलं काम बेततो. दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून मेंदू स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. एके दिवशी दारू एकदम थांबली की वाढलेला वेग तेवढा उरतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, भिंतीवर माणसं दिसतात, दिवस की रात्र ते कळत नाही. घरच्यांना वाटतं बाधा झाली. ही बाधा नव्हे, वैद्यकीय आणीबाणी आहे. यात माणूस दगावतो.

डॉक्टर पहिल्या आठवड्यात मेंदूचा हा वेग औषधाने हळूहळू खाली आणतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम या गटातलं औषध भरपूर मात्रेत सुरू करून दिवसागणिक कमी करत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बहुधा इंजेक्शनने. हे थायमिन लक्षात ठेवा. दारुड्याच्या अंगात त्याचा खडखडाट असतो. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाण्याचा धोका असतो. ‘लावा एक सलाईन, उतरेल’ हे म्हणूनच महागात पडू शकतं.

हा झाला पहिला आठवडा, आणि घरच्यांना वाटतं काम फत्ते. खरं काम आता सुरू होतं. पिण्याची ओढ कमी करणारी औषधं आहेत, उदाहरणार्थ नॅल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट. ती महिनोन्महिने घ्यायची. दर पंधरवड्याला, महिन्याला समुपदेशकाशी बोलायचं: पगाराच्या दिवशी काय करायचं, गड्ड्याच्या यात्रेत जुने मित्र भेटले तर काय म्हणायचं, ‘काय होतंय बे एका पेगनं’ याला उत्तर काय. ज्यांना जमतं ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जातात. तिथे फी नसते.

आणि ती भाजीतून द्यायची गोळी?

‘रुग्णाला न कळवता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. पुड्यांत काय असतं ते विकणाराच जाणे. पण बायका चहात, भाजीत कालवून देतात, त्यात एक खरं औषधही आहे: डायसल्फिराम. शरीरात गेलेल्या दारूचं जे विष बनतं, ते पुढे मोडायची वाट हे औषध अडवतं. त्यावर दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती फुटेल असं धडधडतं, उलट्या होतात, बीपी कोसळतं. ज्याला हे माहीत आहे तो भीतीने पीत नाही, एवढाच त्या औषधाचा उपयोग. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि मरूही शकतो. म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. देणाऱ्या बाईचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. तिला दुसरा रस्ता कुणी दाखवलेला नसतो.

ताडी, एमडी, मावा: सगळ्यांना एकच उपाय नाही

ताडी नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी, असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. झाडावरून उतरवलेली ताडी वेगळी आणि दुकानात बारा महिने मिळणारी वेगळी. दुसरीत अनेकदा क्लोरल हायड्रेट मिसळतात, म्हणजे चक्क झोपेचं रसायन. ती एकदम थांबली की दारूसारख्याच फिट्स येतात, माणूस भ्रमिष्ट होतो. तेलंगणात २०१५ मध्ये भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई झाली आणि निजामाबादसारख्या भागांत रुग्णालयं अशा रुग्णांनी भरली. पूर्व भागात उद्या ताडीवर मोठा छापा पडणार असेल, तर त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात फिट्स आणि भ्रम रोखणाऱ्या गोळ्या पोचल्या पाहिजेत. पोलिसांची गाडी आणि औषधांची गाडी एकत्र निघाल्याचं मी तरी अजून पाहिलं नाही.

एमडीचं उलटं. ते मेंदूला पळवतं. ते थांबवलं की फिट्स सहसा येत नाहीत, पण माणूस खचतो, दिवसच्या दिवस झोपतो, संशय घेतो, जीव नकोसा झाल्याचं बोलतो. त्याची ओढ घालवणारं खास औषध अजून नाही. झोप, नैराश्य, संशय यांवर उपचार आणि दीर्घकाळ समुपदेशन, एवढंच हातात आहे. म्हणून या मुलांच्या घरच्यांना पहिले काही आठवडे सर्वांत जास्त आधार लागतो.

मावा आणि मिशरीला तर आपण व्यसन मानतच नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक चघळणारे. निकोटिनचा च्युइंगम, समुपदेशन आणि १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा, एवढ्यावर पुष्कळांचं सुटतं.

‘पोराला सरकारी दवाखान्यात नेलं की पोलीस केस होईल ना?’

ही भीती मी सुशिक्षित घरांतही ऐकली आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात काय आहे, ते पाहा. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या, रुग्णालयात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणजे महापालिकाही आली. माल विकणाऱ्याला हे लागू नाही, आणि उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते.

जीव देण्याचा प्रयत्न केलेल्यांबाबतही अशीच भीती असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. अशा माणसावर तीव्र ताण होता असं हा कायदा गृहीत धरतो. शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाबही होईल. तेवढ्यासाठी रुग्णाला घरात दडवून वेळ घालवू नका.

‘मारून-मुटकून भरती करा, चार महिने कोंडा, सुधारेल’

हायवेच्या कडेला फलक असतात: व्यसनमुक्ती केंद्र, खात्रीशीर, रुग्णाला घरून नेण्याची सोय. रात्री चार धट्टेकट्टे लोक गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात. काही केंद्रं उत्तम काम करतात. काहींत डॉक्टर नावालाही नसतो, आणि वर सांगितलेले पहिले चार-पाच दिवस माणूस कुलपाआड फिट्स सोसतो.

२०१७ च्या कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारांच्या व्याख्येत घातले आहेत. म्हणजे अशा केंद्राचीही मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते. संमतीशिवाय भरती करता येते, पण मोजक्या परिस्थितीत: रुग्णाने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा तसा प्रयत्न केला, दुसऱ्यावर हात टाकला, किंवा स्वतःची काळजी घेता येऊ नये अशी त्याची अवस्था आहे. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ, वेगवेगळी तपासणी करायची. आधी जास्तीत जास्त ३० दिवस, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं. स्त्रिया आणि अल्पवयीनांच्या बाबतीत तीन दिवसांत. साखळीने बांधणं सरळ बेकायदा. केंद्र निवडताना फलकावरची टक्केवारी वाचत बसण्यापेक्षा नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणायचं आणि मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारायचं. चिडले तर उठून यायचं.

पंढरपूरच्या वाळवंटात किंवा रेल्वे स्टेशनवर भरकटलेला माणूस दिसला, तर तेही याच कायद्यात बसतं. पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नाही.

‘गाणगापूरला जाऊन आलो, बराच फरक आहे’

असू शकतो. गाणगापूर आपल्याला जवळचं, आणि तिथल्या आरतीला घुमणारी माणसं अनेकांनी पाहिली आहेत. दर्ग्यावर जाणारेही तितकेच. गेल्याने धीर येतो, घरचे सगळे एकत्र निघतात, रुग्णाकडे लक्ष जातं. यावर भांडून मी कुणाचा उपचार सुरू झालेला पाहिला नाही. त्यापेक्षा दर्शनही घ्या आणि गोळीही घ्या, हे लोकांना लवकर पटतं. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, औषध बंद करायला लावणं इथपर्यंत कुणी आलं, तर मात्र २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो वापरला पाहिजे.

‘एकदा गोळ्या सुरू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत’

नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने त्या चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. सवय लागते ती झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्यांची, म्हणजे अल्प्राझोलाम वगैरे. चिठ्ठीशिवाय त्या द्यायला बंदी असूनही ओळखीच्या मेडिकलमध्ये मिळतात. म्हणजे भ्यायचं त्या गोळ्या आपण चवीने घेतो आणि घ्यायच्या त्या दहा दिवसांत बंद करतो.

मग गळती नेमकी कुठं?

माझ्या मते खाटांची टंचाई हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिल्या नंबरचा आहे पाठपुरावा. यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला की कामगार माग थांबवून तिथल्या तिथे गाठ मारतो. नाही मारली तर चादरीत शेवटपर्यंत रेघ जाते. आपल्या व्यवस्थेत धागा तुटल्याचं कुणाला कळतच नाही. सिव्हिलमधून दहा दिवसांनी घरी गेलेला माणूस पुढच्या तारखेला आला नाही, तर त्याच्या गल्लीतल्या महापालिकेच्या केंद्राला ते समजत नाही, कारण खातं वेगळं आणि रजिस्टर वेगळं. क्षयरोगात रुग्ण चुकला तर कर्मचारी घरी येतो. दारूच्या रुग्णाला शोधत कोण येतं? गुत्तेवाला.

यावरचा उपाय महागडा नाही. सिव्हिलच्या तज्ज्ञाने औषध ठरवायचं आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्या रुग्णाच्या घराजवळच्या केंद्रात मिळाव्यात. घरकुलातल्या त्या बाईला सिव्हिलच्या दोन रांगांऐवजी वीस मिनिटं लागली, तर तिची मजुरी बुडत नाही आणि गोळी चुकत नाही. आला नाही त्याला फोन करायला एक परिचारिका आणि एक वही पुरते. एकट्या महापालिकेला मनोविकारतज्ज्ञ नेमणं परवडणार नाही, मिळणारही नाही; देशात एक लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही. गोळ्यांचं कपाट आणि वही मात्र तिला परवडते.

‘नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि आमच्या घरपट्टीतून दारुड्यांचे लाड?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाण्याचा वैताग खरा आहे. पण दारुड्याचा खर्च आपण आजही भरतोच, फक्त दुसऱ्या खिडकीवर: अपघात विभागात, लिव्हरच्या वॉर्डात, अर्धवट सुटलेल्या क्षयरोगाच्या उपचारांत, आणि शाळा सोडून कामाला लागलेल्या पोरांत. दहा रुपयांची गोळ्यांची पट्टी वेळेवर मिळाली नाही म्हणून हजारोंची खाट लागते. शिवाय हे उपकार नाहीत. सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमाने दिलेला हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना ती मोफत, अत्यावश्यक यादीतली औषधं सरकारी केंद्रांत मोफत, आणि जिल्ह्यात सरकारी सेवाच नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्यात घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने भरून द्यायचा, असंही त्यात लिहिलं आहे. खासगी आरोग्य विमा असलेल्यांसाठी २१ वं कलम आहे: शारीरिक आजाराला विमा तसाच मानसिक आजारालाही.

आज, आत्ता काय करायचं?

बोलायचं असेल तर १४४१६. हा टेली-मानसचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं. तेलुगू, कन्नड, उर्दूही आहे. व्यसनासाठी १४४४६. फिट, भ्रम, हिंसा किंवा जीव देण्याची भाषा असेल तर फोनवर वेळ न घालवता १०८ बोलवा आणि सिव्हिलचा अपघात विभाग गाठा. रात्री मनोविकार ओपीडी नसली तरी तो विभाग सुरू असतो. यंत्रमाग किंवा गिरणी कामगाराकडे कामगार विम्याचं कार्ड असेल तर कामगार विमा रुग्णालयातही उपचार मागा. जुना, गंभीर मानसिक आजार असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो धरलेला आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की योजनांचे दरवाजे उघडतात.

पहिल्या भेटीला जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला. दारूचा रुग्ण असेल तर शेवटची कधी प्यायली, रोज किती, आधी सोडली तेव्हा फिट आली होती का, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरला पहिल्या पाच मिनिटांत हेच लागतं, आणि रांगेत वाट्याला बहुधा पाचच मिनिटं येतात.

आणि तुमच्या प्रभागातल्या महापालिकेच्या केंद्रात, आजारी नसताना, एकदा सहज जाऊन विचारा: इथल्या डॉक्टरांचं मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण झालंय का? सिव्हिलने लिहून दिलेल्या गोळ्या पुढच्या महिन्यापासून इथे मिळतील का? ‘नाही’ म्हणाले तर तेच दोन प्रश्न अर्जावर लिहून आवक विभागात द्या आणि पोच घ्या.